पोराने प्रोग्रामला ४० टाकलं का ९०, यावर मार्क ठरू नयेत: कॉम्प्युटर अभ्यास मंडळाला खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
कॉम्प्युटर इंजिनिअरिंग अभ्यास मंडळ

सप्रेम नमस्कार,

सिलॅबस रिव्हिजनची मीटिंग जवळ आलीय असं कळलं. म्हणजे आता मशीन लर्निंग सेकंड इयरला आणायचं का थर्डलाच ठेवायचं, जावा काढून पायथन घालायचं का दोन्ही ठेवायचं, यावर ग्रुपवर मेसेजचा पाऊस सुरू होईल, दर वेळी होतो. काय शिकवायचं यावर आपण तासन्‌तास भांडतो आणि कसं तपासायचं हा विषय मीटिंग संपता संपता निघतो, कुणीतरी म्हणतं "एक्झामिनेशन स्कीम पूर्वीप्रमाणेच", सगळे मान डोलावतात आणि उठतात. मला त्याच एका वाक्याबद्दल लिहायचंय.

मी तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात प्रोग्रामिंगचे विषय शिकवतो, लॅब घेतो, प्रॅक्टिकलला इंटर्नल म्हणजे कॉलेजचाच परीक्षक असतो, एक्सटर्नल म्हणजे बाहेरचा परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजात जातो, कॅपला, म्हणजे पेपर तपासायच्या केंद्रावर, बसतो. त्यामुळे हे सगळं आतून लिहितोय, बाहेर उभा राहून दगड मारत नाहीये.

सरळ सांगतो. आपली परीक्षा प्रोग्राम पाठ आहे का ते बघते. प्रोग्रामिंगमधली सगळ्यात मोठी गोष्ट, म्हणजे चाललं नाही तर का चाललं नाही ते शोधून काढणं आणि दुरुस्त करणं, हिला आपल्या स्कीममध्ये एकही मार्क नाही. आउटपुट आलं तर मार्क, नाही आलं तर "लिहिलंय ना काहीतरी, पासिंगपुरते देऊन टाका". या दोन्हींच्या मधलं काहीच नाही.

आता हे कसं होतं ते एकदा जवळून बघा. डेटा स्ट्रक्चर्सचं प्रॅक्टिकल होतं, मी इंटर्नल. चिठ्ठ्या टाकल्या, एका मुलीला बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत मधला आकडा बघून दर वेळी अर्धी यादी सोडत शोधायचं) आला आणि योगायोगाने तिच्या शेजारच्या पोरालाही तोच. आता गंमत अशी की सिनियरकडून खाली आलेली जर्नलची, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीची, जी सॉफ्ट कॉपी सगळ्या क्लासमध्ये फिरत होती तिच्यात एक ओळ चुकलेली होती, "लो = मिड + १" च्या जागी नुसतं "लो = मिड" (लो आणि हाय ही शोधायच्या भागाची दोन टोकं, मिड मधली जागा, मोजणी ० पासून). दोघांनीही तेच टाइप केलं. ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी, पण जर्नलमधलीच, १२, २५, ४०, ६७, ९०. पोराने जर्नलप्रमाणे ४० शोधला, सापडला, स्क्रीनवर आउटपुट, हात वर. मुलीने ४० शोधला, मग स्वतःहूनच ९० टाकून बघितला, आणि मशीन गप्प, नुसता कर्सर ब्लिंक होतोय. का? कारण लो ३ वर आला, हाय ४, मिड परत ३, लो परत ३, आणि तिथेच गोल गोल. वहीवर करून बघा, १२, ४० आणि ६७ बरोबर सापडतात, २५ आणि ९० ला लटकतं. म्हणजे पाचपैकी तीन आकड्यांना हा प्रोग्राम "बरोबर" आहे!

तिने काय केलं, कंट्रोल सी मारून थांबवला, लूपच्या, म्हणजे परत परत चालणाऱ्या भागाच्या, आत एक प्रिंटएफ, म्हणजे छापायची ओळ, टाकून लो, मिड, हाय छापले, स्क्रीनवर ३ ३ ४, ३ ३ ४ असं धो धो वाहायला लागलं, ते बघून ती पेन काढून मागच्या पानावर काहीतरी लिहायला लागली. म्हणजे अगदी जे करायला आपण वर्षभर कानीकपाळी ओरडतो तेच. तेवढ्यात एक्सटर्नल आले, "आउटपुट दाखव". सर दोन मिनिटं, सापडलंय. "आउटपुट आहे का नाही?" नव्हतं. मार्कशीटवर कॉलमच आउटपुटचा, त्यांनी तरी काय करायचं, पुढे अजून अख्खी बॅच बसलेली. पोराला पंचवीसमधले बावीस, मुलीला बारा. चूक दोघांची एकच. फरक एवढाच की तिने ९० टाकून बघितला आणि त्याने नाही. आपल्या स्कीममध्ये टेस्टिंग करणं हे चक्क नुकसानीचं काम आहे, पोरांना हे कळतं, आणि मग पोरं शहाणी होतात, जर्नलमधलेच आकडे टाकतात.

मी त्या एक्सटर्नलना दोष देत नाही, त्यांच्या जागी मीही असतो. हिशोब करा ना. वीस जणांची बॅच, तीन तासांचा स्लॉट, त्यात हॉल तिकीट बघणं, चिठ्ठ्या, आन्सरशीटवर अल्गोरिदम लिहून घेणं, सह्या, यात तासभर जातो. राहिले १२० मिनिटं, म्हणजे डोक्यामागे सहा मिनिटं. त्या सहात आउटपुट बघायचं, ओरल घ्यायची, मार्क टाकायचे आणि इंटर्नलशी "जरा बघून द्या हो, कॉलेजचा रिझल्ट आहे" हे पण ऐकायचं.

चिठ्ठीबद्दल तर वेगळंच पुराण आहे. एकाला मॅट्रिक्सची बेरीज, त्याच्या शेजारी बसलेल्याला एव्हीएल ट्रीमधलं डिलीशन असं किचकट काहीतरी, वेळ तेवढाच, मार्क तेवढेच. "चिठ्ठी बदलायची तर दोन मार्क कट" हा नियम कुणी केला माहीत नाही, कुठे लिहिलेलाही नाही, पण सगळीकडे चालतो. नशिबाची परीक्षाच घ्यायची तर सरळ टॉस उडवा, वीज तरी वाचेल.

लेखी पेपरचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहितीच आहे. कागदावर अख्खा प्रोग्राम लिहायला लावतो, सहा मार्क, आणि कॅपला मॉडेल आन्सरमध्ये फॉर लूप असेल आणि पोराने व्हाइल लिहिलं असेल तर दिवसभर गठ्ठे तपासून थकलेला माणूस लाल पेनने सेमीकोलन शोधत बसतो. कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, जे काम सेकंदात करतो ते काम माणसाला, आणि जे माणसानेच बघायला पाहिजे, म्हणजे याचा विचार बरोबर होता का, ते कुणालाच नाही. एमसीक्यूची वेगळीच तऱ्हा. एकाच प्रिंटएफमध्ये आय, आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय (म्हणजे तोच आकडा छापायचा आणि त्याच ओळीत वाढवायचाही) टाकून "आउटपुट सांगा" हा प्रश्न किती वर्षं येतोय! सी च्या स्टँडर्डप्रमाणे त्याला ठराविक उत्तरच नाही, कंपायलर जे वाटेल ते छापू शकतो, पण आपल्या आन्सर की मध्ये मात्र एकच ऑप्शन बरोबर. तसंच "इंटची साइज किती", म्हणजे पूर्णांक ठेवायला किती जागा लागते, याचं उत्तर २ बाइट, कारण टर्बो सी च्या जमान्यात ते तसं होतं, सोळा बिटचा कंपायलर तो, १९९० च्या आसपासचा. घरी जीसीसी या आजच्या कंपायलरवर स्वतः चालवून ४ बघून आलेलं पोरगं चुकीचं आणि गाइड वाचून आलेलं बरोबर. काही लॅबमध्ये आजही टर्बो सी ची ती निळी स्क्रीन डॉसबॉक्समध्ये (जुने प्रोग्राम चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) चालू आहे आणि इंट मेन असं बरोबर लिहिलं की "व्हॉइड का नाही लिहिलं" असं विचारणारे लोक आहेत, आपल्यातलेच.

हा रोग आपल्याकडेच आहे असं नाही, ते पण सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस फक्त घरच्यांनाच शिव्या देतो. २००१ साली मॅक्रॅकन आणि मंडळी या संशोधकांनी चार विद्यापीठांतल्या, एकाहून जास्त देशांतल्या, २१६ विद्यार्थ्यांना पहिल्या प्रोग्रामिंगच्या कोर्सनंतर प्रोग्राम लिहायला दिले, सरासरी आली ११० पैकी २३ पण नाही, २२.८९. तेव्हा सगळे म्हणाले पोरांना प्रॉब्लेम सोडवता येत नाही. मग २००४ मध्ये लिस्टर आणि इतरांनी लिहायला न लावता फक्त तयार कोड वाचायला दिला, याचं आउटपुट काय, गाळलेली ओळ कुठली, तर बऱ्याच जणांना तेही धड जमलं नाही. म्हणजे मूळ दुखणं अजून खाली होतं, लूप डोक्यात फिरवताच येत नव्हता, आणि अशा पोराला अख्खा प्रोग्राम लिहायला लावून शून्य दिला तर त्याला नेमकं काय येत नाही हे ना त्याला कळतं ना आपल्याला. २००६ मध्ये न्यूझीलंडमधल्या डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी एक साधी युक्ती काढली, बरोबर प्रोग्रामच्या ओळी कापून उलटसुलट करून द्यायच्या आणि क्रमाने लावायला सांगायच्या. कागदावरही घेता येतं, तपासायला मिनिट लागत नाही, आणि सिंटॅक्स विसरला म्हणून कुणी मरत नाही. आपल्याकडे एम.टेकच्या प्रवेशाच्या गेट परीक्षेच्या पेपरात तरी काय करतात, सी चा छोटा तुकडा देतात, बऱ्याचदा ऑप्शनच नसतात, आलेला आकडा टाकायचा. आपण हे का नाही करत?

जर्नलवर येतो. टर्मवर्कचे मार्क आपण ज्या जर्नलला देतो त्या जर्नलला आता काडीचा अर्थ राहिलेला नाही. पूर्वी निदान झेरॉक्स बघून नावं, व्हेरिएबल बदलायचे कष्ट तरी घ्यायचे, आणि तेही पकडायला मॉससारखं टूल १९९० च्या दशकापासून फुकट मिळतंय, व्हेरिएबलची नावं बदलली तरी त्याला फसवता येत नाही, पण आपल्याकडे किती कॉलेजनी ते वापरलं? आता २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून तर प्रश्नच मिटला. आणि त्याच्या आधीच, ऑकलंड विद्यापीठाच्या आणि इतर काही संशोधकांनी तिथल्या पहिल्या प्रोग्रामिंग कोर्सच्या परीक्षेतले प्रश्न कोडेक्स नावाच्या, कोड लिहिणाऱ्या एआय मॉडेलला घातले होते, तर ७१ विद्यार्थ्यांच्या यादीत ते १७ वं आलं. हे जुनं मॉडेल. आताचं काय असेल विचार करा. आमच्याकडे बॅकबेंचर पोरगं जे सबमिट करतं त्यात कॉमेंट अशा इंग्लिशमध्ये की आमचे प्रिन्सिपॉल पण तसं लिहीत नाहीत.

यावर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणजे सगळं बंद करा, मोबाइल जप्त करा, कागदावरच लिहून घ्या. दुसरं म्हणजे आता एआय आहे, कोड लिहायला शिकवायचंच कशाला. मला दोन्ही पटत नाहीत. पहिल्या दोन वर्षांत तरी परीक्षेत इंटरनेट बंदच पाहिजे, याबाबत मी जुन्या वळणाचा आहे, कारण ज्याला लो आणि मिड मधली चूक दिसत नाही त्याला एआयने दिलेल्या कोडमधली चूक कुठून दिसणार. पण भाषेचं डॉक्युमेंटेशन, पुस्तक, स्वतःच्या हाताने लिहिलेली वही, हे खुशाल उघडं ठेवा. फंक्शनला कुठलं आर्ग्युमेंट आधी द्यायचं हे पाठ असणं याला मी ज्ञान म्हणत नाही.

मग करायचं काय. मला वाटतं प्रॅक्टिकलच्या ५० मार्कांची वाटणी बदला, बाकी काही नका बदलू. दहा मार्क वाचण्याला, दोन छोटे तुकडे, ट्रेस टेबल भरायचं, म्हणजे ओळीओळीला कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय येतं ते लिहायचं, कागदावरच, सगळ्यांना एकदम, पहिल्या वीस मिनिटांत, एक्सटर्नल तेव्हा चहा पिऊ शकतात. पंधरा मार्क दुरुस्तीला, चालणारा पण चुकीचा प्रोग्राम मशीनवर आधीच टाकलेला असेल, कुठल्या इनपुटला तो चुकतो ते इनपुट पोराने शोधून लिहायचं, याचे पाच मार्क, का चुकतो ते दोन वाक्यांत, पाच, आणि दुरुस्त करून दाखवणं, पाच. म्हणजे ती मुलगी दुरुस्तीआधी वेळ संपली तरी दहा घेऊन जाते, आणि ४० टाकून हात वर करणाऱ्याला ते दहा मिळत नाहीत. पंधरा मार्क नवीन लिहिण्याला, सोपाच प्रश्न पण न बघितलेला. राहिलेले दहा त्यात एक बदल समोर बसून करायला आणि त्यावर बोलायला, "हाच डिसेंडिंग करून दाखव", "ॲरे रिकामा आला तर काय होईल". पाठ केलेला प्रोग्राम इथे दोन मिनिटांत उघडा पडतो, कुणाला पकडण्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही.

चिठ्ठी बंद, एका बॅचला एकच प्रश्न. तुम्ही म्हणाल सकाळच्या बॅचचा प्रश्न दुपारच्या बॅचच्या मोबाइलवर दहा मिनिटांत पोहोचतो, बरोबर आहे, पोहोचतोच. पण दुरुस्तीच्या प्रश्नाची हीच मजा आहे, प्रोग्राम तोच ठेवून चुकीची जागा बदला, सकाळी लूपची हद्द चुकवा, दुपारी रिकाम्या लिंक्ड लिस्टचा चेक काढून टाका. फुटला तरी काय फुटलं, "बायनरी सर्च आहे" एवढंच. येऊ देत की वाचून.

ऑटोग्रेडरबद्दल सावधपणे लिहितो कारण मीटिंगमध्ये कुणीतरी एखाद्या कंपनीचं प्रेझेंटेशन घेऊन येणारच. टेस्ट केसवर, म्हणजे आधी ठरवलेल्या इनपुटवर, मार्क देणारं सॉफ्टवेअर चांगलंच आहे, वरच्या किश्श्यात २५ आणि ९० त्याने आपोआप टाकून बघितले असते आणि दोघांनाही एकच न्याय लागला असता. पण नुसतं त्याच्यावर सोडलं तर वेगळा अन्याय. आपण पोरांना सवय लावलीय, आधी "एंटर द नंबर" छापायचं मग स्कॅनएफने आकडा वाचून घ्यायचा. ऑटोग्रेडरला फक्त उत्तर पाहिजे असतं, ते जास्तीचं वाक्य दिसलं की आउटपुट मॅच होत नाही, सगळ्या टेस्ट केस फेल, शून्य. प्रोग्राम शंभर टक्के बरोबर आणि मार्क शून्य. म्हणून मशीनने टेस्ट चालवाव्यात आणि शून्य आलेला प्रत्येक कोड माणसाने उघडून बघावा, हा नियम लेखी पाहिजे. आणि यासाठी कुणाकडून काही विकत घ्यायची गरज नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रोजेक्टचं यक्ष आहे, मूडल या शिकवण्याच्या सॉफ्टवेअरवर चालणारं कोडरनर आहे, दोन्ही ओपन सोर्स, लॅबमधल्याच एका मशीनला सर्व्हर करून लॅनवर चालतं, गावची लाइन गेली तरी फरक पडत नाही, फक्त यूपीएस पाहिजे. घाई मात्र नको. मुंबई विद्यापीठाने २०१७ साली ऑनस्क्रीन तपासणी (स्कॅन केलेले पेपर स्क्रीनवर तपासणं) एका सीझनमध्ये सगळीकडे लावली आणि निकाल किती रखडले, पोरांच्या बाहेरच्या ॲडमिशन कशा लटकल्या, कुलगुरूंना जावं लागलं, हे सगळ्यांना आठवत असेल. पाच-सहा कॉलेजांत, त्यातही निम्मी गावाकडची घेऊन, एक सेमिस्टर करून बघा आणि मग बोला.

गावाकडची का म्हणतोय ते पण ऐका. शहरातल्या पोराकडे आठवीपासून लॅपटॉप असतो. आमच्याकडे दरवर्षी काही पोरं अशी येतात ज्यांनी फर्स्ट इयरला पहिल्यांदा कीबोर्डला हात लावलेला असतो, एक बोट धरून टाइप करतात, अल्गोरिदम तोंडपाठ नाही तर खरंच समजलेला असतो पण तासाभरात चाळीस ओळी टाइप होत नाहीत. दुरुस्तीच्या प्रश्नात टाइप करायच्या असतात दोन ओळी. मशीनचंही तेच, सेमीकोलनचं बटण बसलेला कीबोर्ड ज्याच्या वाट्याला आला त्याची पंधरा मिनिटं जागा बदलण्यात जातात, ती परत द्यायची का नाही यावर नियमच नाही, एक्सटर्नलच्या मूडवर आहे.

आणि ओरल. दहावीपर्यंत मराठी मीडियमला शिकलेली मुलगी "स्टॅक म्हणजे काय" याला समोरच्या इंग्लिशला घाबरून गप्प बसते आणि आपण लिहितो "पुअर कन्सेप्ट्स". तिलाच बाहेर कॉरिडॉरमध्ये मराठीत विचारा, रिकर्शनमध्ये स्टॅक कसा भरत जातो आणि कसा रिकामा होतो ते हातवारे करून सांगते. एआयसीटीई या टेक्निकल शिक्षणाच्या केंद्रीय संस्थेने २०२१ पासून मराठीसकट भारतीय भाषांत अख्खी इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिलीय, मग सहा मिनिटांच्या ओरलला काय अडचण आहे? टेक्निकल शब्द इंग्लिशच राहू देत, बाकी वाक्य मराठीत हिंदीत कशातही चालेल, अशी एक ओळ परीक्षकांच्या सूचनांमध्ये छापा. त्यासाठी ऑर्डिनन्स बदलायला लागत नाही, कौन्सिलची मंजुरी लागत नाही, खर्च शून्य.

तसंच दुसरं बिनखर्चाचं काम, पेपर सेट करणाऱ्याने प्रत्येक कोडचा प्रश्न आजच्या कंपायलरवर स्वतः चालवल्याशिवाय पेपर छापायला जाऊ नये. आणि प्रॅक्टिकलच्या मार्कशीटवरचा "आउटपुट" हा कॉलम काढा, त्याजागी वाचन, दुरुस्ती, लेखन, बदल असे चार कॉलम घाला. कागद तोच, रेघा वेगळ्या.

"एवढे बिघडवलेले प्रोग्राम आणायचे कुठून" हा प्रश्न येणार. आम्ही काही शिक्षकांनी मिळून सी आणि पायथनमधले बरेच तयार केलेत, प्रत्येकासोबत कुठल्या इनपुटला तुटतो आणि कुठल्या इनपुटला खोटा विश्वास देतो ते लिहिलेलं आहे, मागाल त्या दिवशी देतो, कुणाचं नाव टाकायची पण गरज नाही. पोरांवर लॅबमध्ये वापरून बघितलेत. सुरुवातीला वैतागतात, "सर चालतोय की, चूक कुठंय" म्हणतात, मग एकाला ते नेमकं इनपुट सापडतं आणि अख्खी बॅच त्याच्या मशीनभोवती जमते.

यासाठी सब-कमिटी नेमणार असाल तर तिच्यात एक तरी लॅब असिस्टंट घ्या, नुसते प्रोफेसर नकोत. कुठल्या मशीनवर काय चालतं, तीन तासांत खरंच काय बसतं आणि पोरं कुठे अडकतात हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, आणि आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आपला,
तुमच्याच पॅनलवरचा एक परीक्षक